उभी शिडी

मिस्त्रीण गवताच्या गंजीवर फाटकं प्लॅस्टिक पसरत होती, तेव्हा शिंपीण तरातरा अंगणात आली. गळ्यातली मापाची फीत काढायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

“मिस्त्री कुठायत?”

“मागे सुंभ वळतायत. काय झालं?”

“तुझा भाऊ गेला पळून.”

मिस्त्रीण गंजीवरूनच खाली वाकली. “पळून? कुणाबरोबर?”

“माझ्या छपराबरोबर!” शिंपीण ओरडली. “जुनं गवत सगळं उपसून फेकलं, वासे उघडे टाकले, आणि आता डेअरीवाल्याच्या गोठ्यावर पत्रे ठोकत बसलाय. घरात मान वर केली की आभाळ दिसतं मला. मशीन खाटेखाली सरकवलंय. लोकांचे कपडे भिजले तर कुणाच्या नावानं ओरडायचं? शिडी तर तुमची लावलीय!”

मिस्त्रीण खाली उतरली. तिला शिंपिणीचा राग होताच. गेल्या वर्षी तिने शिवलेलं पोलकं काखेत असं आवळलं होतं की मिस्त्रिणीला हात वर करायची सोय उरली नव्हती, आणि वर ‘तूच जाड झालीस’ असं चारचौघींत सुनावलं होतं. पण आज त्या बाईसमोर बोलायला तोंड नव्हतं. शिडी खरंच यांची होती.

मिस्त्री गवताची छपरं शाकारायचा. पंचक्रोशीत तेवढं काम करणारा आता तोच उरला होता. तरुणपणी गवत कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं, तेव्हापासून तो सुंभाची गाठ उलटी मारायचा. इतर लोक ज्या बाजूने दोरी ओढतात त्याच्या विरुद्ध बाजूने. मागून लोक त्याला थोटा मिस्त्री म्हणत आणि समोरून नुसता मिस्त्री. बायकोच्या धाकट्या भावाला त्याने हाताशी धरून हे काम शिकवलं होतं. बारक्या म्हणत त्याला, आता मिशा आल्या तरी बारक्याच. गंमत अशी, की बारक्याचे दोन्ही अंगठे शाबूत होते, पण गाठ तोही उलटीच मारायचा. पाहून पाहून शिकलेला. त्याला सुलट गाठ असते हेच पुष्कळ दिवस माहीत नव्हतं.

या कामाची एक रीत होती. घराला शिडी लागली की शब्द लागला. छपराच्या माथ्यावर, आढ्याची शेवटची पेंढी बांधून होईपर्यंत ती शिडी हलत नसे, आणि मधेच कुणी पाहुणचाराला बोलावलं तरी उघडं छप्पर टाकून मिस्त्री जात नसे. आढं ज्याच्या हातचं, छप्पर त्याच्या नावाचं.

मिस्त्री मागून आला. त्याच्या मांडीवर सुंभाचे धागे चिकटले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, शिंपिणीकडे पाहिलं, मग गंजीकडे पाहिलं. त्याचं ते गंजीकडे पाहणं मिस्त्रिणीला मुळीच आवडलं नाही.

कारण ती गंज तिची होती. यंदा डोंगराला वणवा लागून कापणीजोगं गवत सगळं जळून गेलं. जे उरलं ते ओढ्यापलीकडच्या खडकाळ उतारावर. तिथवर बैलगाडी जात नाही. मिस्त्रिणीने विळा घेऊन ते एकटीने कापलं, भारे डोक्यावरून आणले. गवताच्या पात्यांनी तिचे पंजे असे चिरले होते की भांडी घासताना राख लागली की डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्यांची छपरं शाकारता शाकारता यांचं स्वतःचं छप्पर कुजून काळं पडलं होतं. गेल्या पावसात तिने घरातली सगळी पातेली गळतीखाली मांडली होती, आणि स्वयंपाक कशात करायचा म्हणून चुलीपुढे बसून रडली होती. तेव्हा मिस्त्रीने शब्द दिला होता, पुढच्या पावसाआधी पहिलं छप्पर आपलं. त्यात बारक्याने मधेच शिंपिणीचं काम धरलं, तेही मिस्त्रीच्या नावावर. आणि शिंपिणीच्या छपराला लागणारं गवत कुठून आणणार होता, ते त्याचं त्याला ठाऊक.

शिंपीण गेल्यावर मिस्त्रीण म्हणाली, “जा आणि शिडी काढून घेऊन या. सांगा तिला, ज्यानं उपसलं त्याला धर. आपला काही संबंध नाही.”

“बघतो,” मिस्त्री म्हणाला.

“बघतो नाही. घेऊन या.”

मिस्त्री गेला. ऊन कलेपर्यंत परत आला नाही. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर शिडी नव्हती. त्याने हातपाय धुतले, चहा मागितला आणि पायरीवर बसून गुडघा चोळायला लागला. हा गुडघा गेल्या पावसापासून दुखत होता आणि त्याबद्दल तो ब्र काढत नसे. पण चोळायला लागला की समजावं, काहीतरी न पटणारं सांगायचं आहे.

“शिडी?” तिने विचारलं.

“आहे तिथंच.”

“अहो, तुम्ही शिडी आणायला गेला होतात ना?”

“वळचणीच्या दोन रांगा लावून झाल्यात त्याच्या. चांगल्या लावल्यात. गाठी बघितल्या मी.” त्याने तिच्याकडे न पाहता चहाचा घोट घेतला. “शिंपीण म्हणाली, गाठ तुमचीच आहे मिस्त्री, मला काय कळतं कुणी मारली. आता यावर काय बोलणार मी?”

“गाठ त्यानं मारलीय!”

“माझीच आहे ती. मी नसतो तर त्यानं सुलटी नसती का मारली?”

मिस्त्रीण कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली. “त्याच्याबद्दल काय सांगितलंत तिला?”

मिस्त्री पुन्हा गुडघा चोळायला लागला.

“काय सांगितलंत?”

“सांगितलं, गोठ्याचं काम अडलं होतं म्हणून मीच त्याला तिकडं पाठवलाय.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ तिचा, खोटं नवऱ्याने बोलायचं, आणि गवत तिच्या गंजीतून जायचं! उद्या पेंढ्या बांधायला घ्यायच्या, असं मिस्त्री पुटपुटत होता, जणू गंज कुणा तिसऱ्याच्याच दारात होती. तिने चहाची कपबशी त्याच्या हातातून काढून घेतली. कपात अजून अर्धा चहा होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पेंढ्या बांधत असताना ती पदर खोचून डेअरीवाल्याच्या गोठ्याकडे गेली. लांबूनच ड्रिल मशीनचा आवाज येत होता. बारक्या छपराच्या लोखंडी कैचीवर बसला होता, डोक्याला पंचा बांधून. लोखंड उन्हाने एवढं तापलं होतं की त्याने बुडाखाली पोतं घेतलं होतं. वायर कुठे लोंबत होती ती तो पाइपाला तारेने बांधत होता, आणि तारेला पीळ उलटा देत होता. मिस्त्रिणीला ते दिसलं आणि तिचा राग आणखीच वाढला.

“खाली ये.”

“ताई, काम चालू आहे.”

“खाली येतोस की मी वर येऊ?”

खालची माणसं हसली. बारक्या उतरला. त्याच्या तळहातांवर पत्र्याने कापल्याच्या रेघा होत्या, तिच्या हातांवर गवताच्या होत्या. दोघांनी हात मागे घेतले.

“लाज वाटली नाही?” ती म्हणाली. “त्या बाईचं घर उघडं टाकून आलास. तुझे भाऊजी तुझ्यासाठी गावभर खोटं बोलत फिरतायत.”

“मी सांगितलं होतं का त्यांना खोटं बोला म्हणून?”

“ज्यांनी तुला हातात विळा कसा धरायचा ते शिकवलं…”

“शिकवलं ना! पण पुरतं शिकवलं का, ते विचार त्यांना.” बारक्याचा आवाज एकदम चढला. “एवढी वर्षं मी वळचण लावतोय. उताराची पाखी चढवतोय. आढ्यापाशी पोचलो की म्हणतात, उतर खाली, मी बघतो. एकदाही आढं बांधू दिलं नाही मला. जवळ उभंसुद्धा राहू देत नाहीत, पाठ करून बांधतात. शिंपिणीचं घर मी मुद्दाम एकट्यानं धरलं. म्हटलं, बघू मला जमतं का. दोन रांगा लावल्या आणि मला कळलं की वर पोचलो तरी मला खाली उतरून त्यांनाच बोलवायला जावं लागणार. मग काय करायचं? इथं निदान जे सुरू केलं ते मीच संपवतो.”

“मग हे त्यांना तोंडावर बोलायचं होतंस.”

“बोललो होतो. म्हणाले, घाई काय आहे.”

ती रागाने आली होती ती तशीच रागाने परत निघाली, फक्त वाटेत तो राग कुणावर काढायचा ते ठरेना. बारक्या बेइमान होता यात शंका नव्हती. पण तो खरंही बोलत होता, आणि हे तिने स्वतः पाहिलं होतं. आढं बांधताना मिस्त्री पाठमोरा बसायचा. तिला वाटायचं, वाऱ्यामुळे बसत असेल.

घरी येऊन तिने सरळच विचारलं, “त्याला आढं का बांधू दिलं नाहीत?”

मिस्त्री पेंढीचे शेंडे सारखे करत होता. त्याचे हात थांबले नाहीत. “बांधलं असतं की तो मोकळा झाला असता. स्वतःची शिडी घेऊन गेला असता.”

“मग? शिकवतात ते कशासाठी?”

“माझा गुडघा बघतेस ना तू? अंगठा बघतेस? तो गेला तर मी कुणाच्या जिवावर चढू?”

“तो गेलाच की आता!”

यावर मिस्त्रीने मान खाली घातली. तिला त्याची दया आली आणि त्याच क्षणी पेंढी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. सगळ्यांनी आपापलं सांभाळलं होतं, हिचं घर तेवढं गळायचं राहिलं होतं. ती खाली बसली आणि पेंढ्या बांधायला लागली. चिडली होती, तरी हात रिकामे ठेवून बसणं तिला जमत नव्हतं.

मग शिंपिणीच्या घराचं काम सुरू झालं. मिस्त्रिणीने कापलेलं गवत तिच्याच डोक्यावरून शिंपिणीच्या दारात जायला लागलं. मिस्त्री शिडीवर, ती खाली. पेंढी लांब काठीच्या टोकाला लावून वर द्यायची, त्याने ती वाशांवर अंथरायची, बांबूच्या कामटीने दाबायची, सुंभाने आवळायची, फळीने थोपटून बुंधे सारखे करायचे. कुसळं तिच्या मानेत, पोलक्यात, कानात शिरली. नेमकं तेच काखेत आवळणारं पोलकं तिने घातलं होतं, आणि पेंढी वर देताना दर खेपेला ते काचायचं. शिंपीण दारात खुर्ची टाकून काजं करत बसायची.

“मेहुणा कधी येणार?” येणारा जाणारा विचारायचा.

“मीच पाठवलाय त्याला,” मिस्त्री वरून सांगायचा.

“पत्रे ठोकायला? मिस्त्री, आता तुम्हीपण पत्र्याची कामं घ्यायला लागलात तर!” लोक हसत पुढे जायचे. मिस्त्रीही हसायचा. मिस्त्रीण काठीला पेंढी अशी खोचायची, की काठीच मोडावी.

शिंपीण एकदा म्हणाली, “गवत चांगलं आहे हो. कुठलं?”

“माझ्या घरावरचं,” मिस्त्रीण म्हणाली.

शिंपिणीने सुई थांबवली. तिला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्या दिवसापासून तिने खुर्चीवर बसणं सोडलं आणि पेंढ्या उचलून मिस्त्रिणीच्या हातात द्यायला लागली. पोलक्याबद्दल मात्र दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

दोन्ही पाखी वर चढली आणि घोडं आढ्यापाशी अडलं. आभाळ भरून यायला लागलं होतं, वारा फिरला होता. मिस्त्री सकाळी शिडीच्या चौथ्या पायरीवर गेला आणि तिथेच थांबला. गुडघा वाकेना. शिडीला मिठी मारून तो तसाच उभा राहिला, ना वर ना खाली. मिस्त्रीण आणि शिंपीण दोघींनी त्याला पाय धरून एकेक पायरी उतरवलं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. खाली टेकल्यावर त्याने तोंडावरचा घाम पुसला आणि म्हणाला, “मी त्याला बोलवून आणतो.”

“कुणाला?”

“बारक्याला. आढं तोच बांधेल आता.”

तो लंगडत निघाला. मिस्त्रीण मागोमाग गेली, कारण तो वाटेत पडला तर उचलणार कोण! गोठ्यापाशी पोचल्यावर मिस्त्री पत्र्याखाली उभा राहिला आणि त्याने हाक मारली. डेअरीवाल्याची माणसं, दूध घालायला आलेली माणसं, सगळी बघत होती. मिस्त्रीने आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, आणि आत्ताही जोडले नाहीत, पण त्याचा आवाज तसा होता.

“चल रे. आढं बांधायचंय तुला.”

बारक्याने वरून खाली पाहिलं. त्याच्या तोंडावर आधी आनंदच आला, लपवता आला नाही त्याला. मग त्याने आपल्या मागे पाहिलं. अर्ध्या गोठ्यावर पत्रे चढले होते, अर्धा तसाच उघडा होता, आणि खाली जनावरं बांधलेली होती.

“भाऊजी, आज कसं येऊ? हे अर्धं राहिलंय.”

“पाऊस येतोय.”

“तेच तर. इथं जनावरं आहेत.” तो अवघडून बोलला, “उघडं छप्पर टाकून जायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना मला.”

मिस्त्रीण उसळलीच. “आणि शिंपिणीचं? ते काय बंद होतं का?”

“ती चूक झाली, ताई. म्हणून परत तीच करू का?”

खाली कुणीतरी हसलं. मिस्त्रीने मात्र मान डोलावली. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “बरोबर बोलतोय तो.” आणि तो वळला. मिस्त्रिणीला वाटलं, या दोघांना एकाच सुंभाने एकमेकांना बांधून ओढ्यात सोडून द्यावं. शिकवायचं ते सगळं शिकवलं या माणसाने, फक्त ते नेमकं नको त्या दिवशी लागू पडलं.

शिंपिणीच्या घरापाशी आल्यावर मिस्त्री शिडीच्या पायथ्याशी बसला आणि वर बघत राहिला. आढ्यावर दोन्ही पाखींच्या मधे वीतभर फट होती. त्या फटीतून सगळं पाणी सरळ आत जाणार होतं.

मिस्त्रिणीने पदर कमरेला घट्ट आवळला. सुंभाचं वेटोळं खांद्यावर टाकलं, कामट्या कमरेला खोचल्या. पोलक्याची काखेतली शिवण तिने दोन्ही हातांनी ओढून टरकन उसवली. शिंपीण बघत होती.

“अगं, तू कुठं…” मिस्त्री म्हणाला.

“गप्प बसा. आता पाठ करून बसायची सोय नाही तुम्हाला. इथून खालून सगळं सांगायचं, मोठ्यानं.”

आणि मिस्त्रीने सांगितलं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं: पेंढी आधी वाऱ्याच्या बाजूने आडवी घाल, तिच्यावर दुसरी उलट तोंडाने, मधोमध मोड, कामटी दोन्हीकडून, आणि सुंभ खालच्या वाशापर्यंत ने, नुसतं गवताला बांधू नकोस. त्याने इतकी वर्षं पाठीआड लपवलेलं हे एवढंसंच होतं. तिला चीड आली. एवढ्यासाठी याने एका माणसाला जवळ धरून ठेवलं आणि एवढ्यासाठीच गमावलं!

वर वारा होता. शिंपीण खालून काठीने पेंढ्या देत होती, चिरलेल्या बोटांतून सुंभ ओढताना आग होत होती. पहिली गाठ मारली तेव्हा तिने विचार केला नाही. दुसरी मारताना तिचं हातांकडे लक्ष गेलं. तिला कुणीच कधी शिकवलं नव्हतं, खाली उभी राहून नुसती पेंढ्या देत आली होती. गाठ उलटी बसली होती.

तिसऱ्या प्रहरी आढं बांधून झालं. ती उतरली, तेव्हा मिस्त्रीने स्वतः शिडी काढली आणि आडवी केली. गुडघा दुखत असूनही ती घरापर्यंत त्यानेच वाहिली. ती दुसरं टोक धरायला गेली तर म्हणाला, “राहू दे.”

पाऊस दुसऱ्या दिवशी आला. शिंपिणीच्या घरात थेंब पडला नाही, असं तिने येऊन सांगितलं आणि उसवलेलं पोलकं मागून नेलं. मिस्त्रिणीच्या घरात मात्र पातेली, बादली, परात, तांब्या, सगळं पुन्हा जमिनीवर आलं. मिस्त्री खाटेवर पाय लांब करून पडला होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता.

उघडीप पडल्यावर बारक्या आला. गोठा पुरा झाला होता. दारात उभा राहून तो म्हणाला, “शिंपिणीकडून आलो. आढं छान बांधलंत, भाऊजी.”

“मी नाही. हिनं बांधलं.”

बारक्याने बहिणीकडे पाहिलं. मिस्त्रीण परातीतलं पाणी दाराबाहेर फेकत होती. त्यातलं थोडं त्याच्या पायांवर पडलं आणि तिने ते मुद्दाम पडू दिलं.

“मला बांधू दिलं नाहीत,” शेवटी तो म्हणाला.

“नाही दिलं,” मिस्त्री म्हणाला. “चुकलं माझं.”

एवढंच. बारक्या अंगणात गेला. आडवी पडलेली शिडी त्याने उचलली आणि आणून याच घराच्या वळचणीला लावली. तिचे पाय चिखलात नीट रोवले, हलवून बघितली.

मिस्त्रीण दारात आली. “गवत कुठंय?”

“पुढच्या साली. मी कापून आणतो, ओढ्यापलीकडचं.”

“आणि तोवर?”

“तोवर राहू दे शिडी.”

“आढं कोण बांधणार?” आतून मिस्त्रीने विचारलं.

“मी,” बारक्या आणि मिस्त्रीण दोघंही एकदम बोलली. मग बारक्याच मागे सरला. “ताई, घर तुझंय. तू बांध. मी खालून पेंढ्या देईन.”

शिडी नेमकी दाराच्या वाटेत लागली होती. त्या पावसाभर गळतीची भांडी रिकामी करायला मिस्त्रीण दिवसातून कितीदा तरी बाहेर यायची, आणि दर दोन खेपांना तिचं कपाळ शिडीवर आपटायचं. ती कपाळ चोळत भावाला शिव्या द्यायची, नवऱ्याला द्यायची, दोघांच्या त्या उलट्या गाठीला द्यायची. मिस्त्री एकदा म्हणाला, थोडी बाजूला सरकवू का.

“हात लावाल तर बघा,” ती म्हणाली, आणि पातेलं पुन्हा गळतीखाली ठेवायला आत गेली.